हात दाखवून

पार्किंगच्या मागे, बदामाच्या तीन झाडांपलीकडे
चाकांवर आणून ठेवलेली एक खोली.
दारावर कागद: आरोग्य केंद्र, सोम ते गुरू, नऊ ते चार.
सत्राच्या फीमध्ये या खोलीचे सव्वीस डॉलर होते.
मी खिडकीशी वाद घातला होता,
मला काही होत नाही, एवढे वगळा म्हणून.
त्यांनी वगळले नाहीत.

बालवाडीत शिकवायचं तर आधी छातीचा दाखला लागतो.
म्हणून सोमवारी शमीरान नर्सने
कोपराच्या खाली, कातडीच्या आत
डास चावावा एवढं पाणी सोडलं,
भोवती बॉलपेनने गोल काढला.
म्हणाली, बुधवारी ये. हात वाचू.

हात वाचू.
आमच्याकडे म्हणतात, हात दाखवून अवलक्षण.
बेचाळिसाव्या वर्षी, मोडेस्टोत,
मी आपल्या पायांनी चालत जाऊन तेच केलं.

मंगळवारी गोल खाजायला लागला.
भांडी घासताना मी तो पाण्यापासून जपला,
सौभाग्याचं काही असावं तसा.
ऊर्वीने त्यात दोन डोळे काढले.
तोंडाला जागा उरली नाही,
तिथे लाल टेकडी आली होती.

रात्री मामा आठवला.
मिरजेला आठ महिने. परतला तेव्हा
त्याचा पेला खिडकीत, उपडा, एकटा.
नाव कुणी घेत नसे.
बारीक ताप म्हणायचे. अंग धरत नाही म्हणायचे.
पंचांगातला तिथीचा क्षय आम्ही मोठ्याने वाचत असू.
माणसाचा नाही.

मी उठले आणि अंधारातच
माझा कप वेगळा ठेवला.
सकाळी नवऱ्याने विचारलं, हा इथे का?
म्हटलं, धुवायचा राहिलाय.

बुधवारी बाकावर शेजारी एफ्रेन,
वेल्डिंगच्या वर्गातला, डोळ्यांवर ओला कापूस.
मुखवटा न लावता एक टाका मारला म्हणे, एकच.
त्याचा फॉर्म मी वाचून भरत होते.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?
चार चौकटी: मुळीच नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त, जवळजवळ रोज.
तो म्हणाला, तू काय लिहिशील?
मी म्हटलं, दुपारी तीन ते पाच.
पण तशी चौकट नाहीये.
तो हसला. मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, तिसरी.

शमीरानने हातावर पट्टी धरली,
कंपासपेटीत असते तसली, आरपार दिसणारी.
बारा, म्हणाली. दहाच्या वर आहे.
मी खुर्चीची कड धरली.
लहानपणी लस?
मी बाही वर केली. दंडावरचा तो जुना वण,
इथे तलावावर लोक विचारतात, भाजलं होतं का.

ती काही बोलली नाही.
तिने स्वतःची बाही वर सरकवली.
तोच. तिथेच. मसुराच्या डाळीएवढा.
हा ऊर्मियाचा, म्हणाली.
हा सांगलीचा, मी म्हटलं.
आई सांगते, ती रडली होती, मी नाही.
माझी पण, ती म्हणाली, आणि हातमोजे बदलले.

लसीनेही असं फुगतं कधी कधी.
पट्टीला त्यातलं कळत नाही, रक्ताला कळेल.
रक्ताचे अठरा डॉलर. बाकी तुझ्या फीमध्ये आलं.
सव्वीस, मी म्हटलं.
सव्वीस, ती म्हणाली, आणि दंडाला रबर आवळलं.

बाहेर फुलं गळून गाड्यांच्या काचांवर चिकटलेली.
एफ्रेन भावाची वाट बघत उभा, डोळे मिटून.
माझी पावलं त्याने ओळखली.
काय वाचलं?
नीट लागलं नाही, म्हटलं. सोमवारी पुन्हा.
मलाही बोलावलंय, तो म्हणाला. आतल्या खोलीत, बोलायला.
उद्या. तीन वाजता.

घरी येऊन कप धुतला.
बाकीच्या कपांत ठेवला.
मग काढला.
मग ठेवला.